पाचवी खाच

२ एप्रिल

ही वही कंपनीची आहे. हिंगण्याच्या कारखान्यात मी चार वर्षं क्वालिटीत होते, तिथे रोज सापडलेले दोष लिहायला अशा वह्या मिळायच्या. जानेवारीत नोकरी सोडली तेव्हा एक कोरी वही पिशवीत राहून गेली. राहून गेली म्हणजे मीच ठेवली. पानावर वर छापलेलंच आहे: दिनांक, दोष, कारण, उपाय. रोजनिशीला याहून जास्त काय लागतं?

तर पहिला दोष: उन्नती प्रेमानंद गजभिये, वय सत्तावीस. तीन महिने झाले, घरी बसून एकटीने कॉम्प्युटरवरचा गेम बनवते असं साऱ्या मोहल्ल्याला सांगून बसली आहे, आणि त्या गेममध्ये स्वतःचं असं काहीच नाही. चित्रं जमतात. कोडही रडतखडत जमतो. जमत नाही ती चाल. चाल म्हणजे खेळणारा त्यात नेमकं करतो काय: उडी मारतो, ढकलतो, नेम धरतो. मला तर वाटून राहिलं की जगातल्या सगळ्या चाली लोकांनी आधीच वापरून टाकल्या आणि माझ्यासाठी ताटात काही ठेवलंच नाही.

उपाय: अठ्ठावीस मेच्या आत शोधणे. नवख्या गेमवाल्यांच्या मेळाव्याला अर्ज पाठवायची ती शेवटची तारीख आहे, आणि अर्जात प्रश्न आहे, 'तुमच्या गेममधली स्वतःची चाल कोणती? ती कुठून सुचली?' नाही सापडली तर एक जूनला कंपनीत परत. तिथल्या मुकुंदसाहेबांनी माझी जागा तोवर धरून ठेवली आहे, बाबांकडे पाहून.

५ एप्रिल

बाबा माझ्याशी बोलत नाहीत, हे लिहायचं राहिलं.

त्याच कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं फिटर म्हणून काढली. उभ्या आयुष्यात साहेबाकडे एकच गोष्ट मागितली, ती माझी नोकरी. ती मी सोडली आणि त्यांना कळलं चहाच्या टपरीवर. चूक माझीच. सांगायची हिंमत होईना, उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत आठ दिवस डबा घेऊन घरून निघत होते आणि सक्करदऱ्याच्या तलावाजवळ बसून तो डबा खाऊन परत येत होते. नवव्या दिवसापासून अबोला.

आज जेवताना मी त्यांच्या समोर, हातभर अंतरावर.

"तिले सांग, वरण वाढ म्हणा," बाबा आईला म्हणाले.

"वाढ वं," आई मला म्हणाली.

"तिले सांग, बस झालं."

"आई, मले ऐकू येते," मी म्हणाले.

"मले काहून सांगून राहिली? त्यायले सांग. मी काय पोस्टमन आहो का?" असं म्हणून आईने भाताचं पातेलं आपटलं. पण थोड्या वेळाने पुन्हा टपाल सुरू केलं, बिचारी करते काय?

९ एप्रिल

आज कूलर बसवला. हा बाबांनी पंधरा वर्षांपूर्वी पत्रा कापून, वेल्डिंग करून स्वतः बनवला आहे. त्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही. नवी खस भरली, पंप धुतला, हॉलच्या खिडकीत बसवला. वारा वळवायला समोर उभ्या पट्ट्या आहेत, आणि त्या सगळ्या एकदम फिरवायला बाजूला एक जाड लोखंडी दांडी. दांडीला पाच खाचा. सगळ्यात खालच्या, पहिल्या खाचेत ठेवली की वारा बाबांच्या दिवाणावर. तिसरीत खोलीच्या मधोमध. सगळ्यात वरच्या, पाचवीत ठेवली की सरळ कोपऱ्यात. कोपऱ्यात आता माझं टेबल आहे, कारण वरच्या खोलीत लॅपटॉप पापडासारखा भाजतो. घरचा नियम असा की दांडी तिसरीत राहील, सगळ्यांना थोडं थोडं.

संध्याकाळी सोनिका आली. ही माझी शाळेपासूनची मैत्रीण. लकडगंजात प्लायवूडच्या दुकानात काउंटर सांभाळते आणि गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर गेम खेळते, म्हणजे दिवसभर खेळते. तिला माझी चाल दाखवली: बटण दाबलं की गुरुत्वाकर्षण उलटं, माणूस छतावर चालायला लागतो. तिने दोन मिनिटं खेळून पाहिलं, मग मोबाईल काढून तसेच सात गेम दाखवले.

"आठवा तुहा," म्हणाली. "पण तुह्या माणसाचे केस मस्त आहे."

१५ एप्रिल

काल जयंती. मिरवणुकीत चालून पायाचे तुकडे पडले, लिहिलं नाही.

आज नवी पद्धत काढली. शंभर चिठ्ठ्यांवर शंभर कामं लिहिली: ढकलणे, लपवणे, सोलणे, पळणे, असं. दोन चिठ्ठ्या उचलायच्या आणि जोडून चाल बनवायची. पहिली जोडी निघाली सोलणे आणि पळणे. पळता पळता काय सोलायचं? संत्रं सुचलं. नागपूरची पोट्टी आणि संत्र्याचा गेम! माझं मलाच हसू आलं, आणि मग आलं नाही.

दुसरी जोडी उचलणार तेवढ्यात मागून असा भपकन वारा आला की शंभरच्या शंभर चिठ्ठ्या घरभर. 'लपवणे' आईच्या कणकेत सापडलं. वळून पाहते तर दांडी पाचवीत.

"कोणी केलं?"

"मले काय माहीत बाप्पा," आई आतून म्हणाली. "मी तर कणिक मळून राहिली."

बाबा दिवाणावर, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून पेपर वाचत होते. त्यांना विचारायचा प्रश्नच येत नाही.

दोष: कूलरची दांडी आपोआप सरकते. कारण: मोटरचं कंपन असावं. उपाय: तिसऱ्या खाचेत कागदाची घडी ठोकली.

२१ एप्रिल

घडी गायब. सहा दिवसांत दांडी पाच वेळा पाचवीत. वेळ दर वेळी दुपारी एक ते तीनच्या मध्ये. मी भिंतीकडे तोंड आणि कानाला हेडफोन लावून बसते, त्यामुळे नेमकी सरकताना दिसत नाही.

टॉर्च लावून खाच तपासली. झिजलेली नाही. आणि गंमत अशी की तिसरीतून पाचवीत म्हणजे दांडी वर चढते! अर्धा किलोचं लोखंड, सुटलं तर खाली पडायला पाहिजे. मी उलट्या गुरुत्वाकर्षणाचा गेम काय बनवला, घरातच सुरू झालं. दुपारी व्होल्टेज कमीजास्त होतं, त्याने कंपन वाढत असेल. आता चिकटपट्टी लावली आहे, चार वेढे.

आईला म्हणाले, "त्यायले सांग, कूलरमध्ये दोष आहे."

दिवाणावरून उत्तर आलं. "तिले सांग, माह्या कूलरमध्ये दोष नाही."

जानेवारीपासून आमच्यात झालेलं हे सगळ्यात लांब बोलणं.

३० एप्रिल

दुसरी चालही गेली. अंधारात टाळी वाजवायची, आवाज जिथे आपटेल तिथली भिंत क्षणभर दिसेल. दोन आठवडे मेहनत केली. मला वाटलं आता जगात नाव होतं. सोनिकाने अकरा सेकंदांत तसाच गेम शोधून दिला. मी मोजले सेकंद.

"तू इतकं डोकं कायले खाजवून राहिली?" म्हणाली. "जे कोणीच केलं नाही त्याले काही तरी कारण असन ना, का कोणी केलं नाही!"

हे ऐकून तिला चहाही देऊ नये असं वाटलं. दिला.

दुपारी मुकुंदसाहेबांचा फोन आला, बाबांच्या मोबाईलवर. बाबांनी मोबाईल आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि पाठ करून निघून गेले. साहेब म्हणाले, "बेटा, खुर्ची रिकामीच आहे. एक जूनला फक्त हो म्हण." खरं लिहिते, मी आत्ताच हो म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण बाबा दारात उभे होते, आणि त्यांच्यासमोर हरले म्हणायला जीभ उचलेना. विचार करून सांगते म्हणाले.

चिकटपट्टीचे चारही वेढे कापलेले आहेत. कंपनाने सुटले असं लिहिणार होते, पण कड अगदी सरळ आहे. उंदीर असावा.

७ मे

पंचेचाळीस डिग्री. बाबांचा घोळणा फुटला. पेपर वाचता वाचता नाकातून भळकन रक्त, दुपट्टा लाल. आईने डोक्यावर पाणी मारलं, कांदा फोडून नाकाशी धरला. डॉक्टर म्हणाले घाबरायचं नाही, ऊन बाधलं आहे, पाणी प्या आणि कूलरपुढे बसा.

"पण हे तर दिवसभर कूलरच्या खोलीतच बसतात," मी म्हणाले. "मग कसं काय?"

आईने दुपट्टा पिळून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तू क्वालिटीत होती ना वं?"

हे काय बोलणं झालं? घरात माणूस आजारी आणि हिला माझी नोकरी आठवते. बाबांची फार काळजी वाटली. पण सांगणार कोणाला, आणि कोणामार्फत?

नोंद: दांडी आजही पाचवीत.

१३ मे

सापडली! घाईत लिहिते, अक्षर खराब येणार.

मोहल्ल्यातल्या एका लग्नाला म्हणून शामलाआत्या, म्हणजे बाबांची बहीण, तिचे यजमान रामाजी मामा आणि सोबत चार बायका आल्या आहेत. माझं टेबल बाजूला सारलं गेलं, लॅपटॉप बंद. दुपारी जेवून सगळे हॉलमध्ये आडवे. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर चिडून बसले होते. आईने पाणी भरता भरता दांडी दुसरीत केली. आणि वरून पाहते तर काय! रामाजी मामा झोपेतच उशीसकट डावीकडे सरकले. त्यांच्यामागे आत्या, चटई ओढत. आत्यामागे एकेक बाई. मग आईने दांडी चौथीत केली, तर सगळी पलटण डोळेही न उघडता उजवीकडे. कोणी कोणाला सरक म्हणालं नाही, कोणी धक्का दिला नाही. फक्त वारा फिरला, आणि माणसं फिरली.

खेळणारा माणूस नाहीच! त्याला हात नाहीत, पाय नाहीत, उडी नाही. त्याच्याकडे फक्त दांडी आहे. कोणालाही थेट हलवता येत नाही, वारा वळवायचा आणि वाट पाहायची.

मी वरून ओरडले, "सापडली!" रामाजी मामा दचकून उठले आणि म्हणाले, "काय हरवलं होतं वं पोरी?"

२० मे

सात दिवस झाले, पाठीचं धनुष्य झालं आहे. गेम असा: वरून दिसणारी खोली, सहा माणसं, एक कूलर, पाच खाचा. वारा मिळाला नाही की माणूस तापतो. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना टिकवायचं.

सोपं वाटू नये म्हणून दोन अडचणी घातल्या. एक, दिवाणावरचा म्हातारा. तो उठून सरकत नाही, आणि फार वेळ वारा मिळाला नाही तर घोळणा फुटून पडतो, गेम संपतो. दुसरी, कोपऱ्यातली मुलगी. ती भिंतीकडे तोंड करून काम करत बसते. तिलाही वाऱ्याने हलवता येत नाही, आणि ती कितीही तापली तरी गेम संपत नाही. म्हणजे तिच्यावर घातलेला वारा फुकट. खेळणाऱ्याला फसवायला चांगली आहे.

पाहुणे गेले. दांडी पुन्हा पाचवीत जायला लागली. आता मी त्या दोषाचं कारण शोधणं सोडून दिलं, फक्त तारीख लिहिते.

२४ मे

सोनिकाने आज तासभर खेळला. मोबाईल उघडला, शोधलं, पुन्हा शोधलं, आणि मोबाईल ठेवून दिला.

"नाही भेटून राहिला," म्हणाली. तिच्या तोंडून इतकं गोड वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

मग लगेच मीठ टाकलंच. "पण मले युक्ती भेटली. पाचवी खाच वापरायचीच नाही. ती पोट्टी बसली तर बसू दे तशीच घामात, कोणाचं काय जाते? म्हातारा सांभाळला का जिंकलो. आता ज्यानं जन्मात गेम खेळला नाही अशाले खेळव, मग पाहू."

२६ मे

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस, लागून दुसरा दिवस. सत्तेचाळीस.

जन्मात गेम न खेळलेलं माणूस घरात एकच आहे. मी आईला सांगितलं, आईने बाबांना सांगितलं. बाबांनी चष्मा पुसला आणि माझ्या खुर्चीत येऊन बसले. डोक्याला ओला दुपट्टा. मी नियम आईला सांगितले, आईने पोळी लाटता लाटता ते बाबांना सांगितले, आणि मी ही वही घेऊन मागे स्टुलावर बसले.

बाबांनी दांडी सरळ पाचवीत नेली आणि हात काढून घेतला. कोपऱ्यातल्या मुलीवर वारा, बाकी खोली तापत चालली. म्हातारा पडला. गेम संपला.

पुन्हा सुरू केला. पाचवी. म्हातारा पडला.

मी लिहिलं: दोष: खेळणाऱ्याला नियम कळले नाहीत. कारण: आईने नीट सांगितले नाहीत.

तिसऱ्यांदा पाचवी. चौथ्यांदा पाचवी. म्हातारा पडला की बाबा जराही हळहळत नव्हते. ती कोपऱ्यातली मुलगी गार झाली का, तेवढंच चष्म्यातून पाहत होते.

मी 'पुन्हा पाचवी' असं लिहिलं आणि लिहितानाच वाटलं, हे आपण आधीही लिहिलं आहे. पानं मागे उलटली. पंधरा एप्रिल, पाचवी. एकवीस एप्रिल, पाचवी. सात मे, घोळणा फुटला, आणि त्याखालीच माझ्या सुवाच्य अक्षरात, दांडी आजही पाचवीत. चाळीस दिवसांत एकतीस नोंदी. वेळ एक ते तीन. कापलेली चिकटपट्टी, कड सरळ. आणि मी उंदीर लिहिला. चार वर्षं क्वालिटीत होते मी! कंपनीने मला प्रमाणपत्र दिलं आहे!

मला एकदम रडू आलं. आवाज होऊ नये म्हणून वही तोंडावर धरली.

बाबांनी चष्मा काढला. खुर्ची वळवली आणि जानेवारीनंतर पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं.

"तुह्या गेममध्ये एक दोष आहे," म्हणाले.

आतलं लाटणं थांबलं.

"काय?"

"म्हातारा इतक्या लवकर पडत नसते. त्याले थोडा टाइम वाढवून दे."

"घोळणा फुटला होता बाबा. रक्त आलं होतं."

"फुटते. नाक आहे, फुटते कधी कधी," बाबा म्हणाले. "तू घामात बसली का चुकते. लहानपणापासून चुकते. गणिताच्या पेपरले काय झालं होतं?"

"मग मले सांगायचं ना! मी येड्यासारखी कागद ठोकत बसली."

"मी बोलत नव्हतो ना तुह्याशी," बाबा म्हणाले, आणि पाचव्यांदा गेम सुरू केला.

२८ मे

म्हाताऱ्याचा वेळ वाढवला. कोपऱ्यातल्या मुलीचाही नियम बदलला: पाचव्या खाचेत पुरेसा वारा मिळाला की ती शेवटी एकदा मागे वळून पाहते, उठते, आणि स्वतः जाऊन दांडी पहिलीत करते. तेवढ्यात म्हातारा टिकला तर जिंकलात. सोनिकाला हे सापडायला दोन तास लागले आणि सापडल्यावर तिने मोबाईल न काढता पुन्हा पहिल्यापासून खेळायला घेतला, हे माझ्या माहितीत पहिल्यांदा झालं.

अर्ज पाठवला. 'तुमच्या गेममधली स्वतःची चाल कोणती? ती कुठून सुचली?' यावर खूप वेळ बसले. खोटं लिहवेना. शेवटी लिहिलं: चाल माझी नाही, माझ्या बाबांची आहे. ते ती रोज दुपारी खेळत होते. मी फक्त नोंद ठेवली.

हे वाचून अर्ज बाद केला तर करोत. निकाल पाच जूनला आहे.

१ जून

सकाळी नऊला मुकुंदसाहेबांचा फोन आला. बाबांनी उचलला. मी काय सांगायचं ते रात्रीपासून पाठ करत होते आणि मला पाठ होत नव्हतं. निकाल लागेपर्यंत चार दिवस मागावेत का? की सरळ हो म्हणून टाकावं? मी हात पुढे केला, तर बाबांनी मोबाईल दिलाच नाही.

"नाही साहेब, ती नाही येत," म्हणाले. "तुमचे लई उपकार आहे, पण जागा दुसऱ्याले द्या. तिले काम आहे. हो, घरीच. कोण तपासते म्हणजे? मी तपासून राहिलो ना! एकतीस वर्षं काय केलं मग?"

फोन ठेवला. आईकडे वळून म्हणाले, "तिले सांग," आणि थांबले. मग माझ्याकडे वळले.

"चहा ठेव वं."

मी चहा ठेवला. आईने साखरेचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "चला, माही नोकरी सुटली."

२ जून

नवतप्याचा शेवटचा दिवस. दुपारी दीड वाजता बाबा दिवाणावर झोपले होते. मी हेडफोन काढले, चपला न घालता गेले आणि दांडी हळूच पहिल्या खाचेत केली. दुपट्ट्याचं टोक वाऱ्याने हललं, तेवढं पाहिलं. मग पन्हं करायला आत गेले.

पाच मिनिटांनी दोन पेले घेऊन बाहेर आले. बाबा तसेच, डोळे मिटलेले, चांगले घोरत होते. जरा जास्तच चांगले घोरत होते.

दोष: दांडी पाचवीत. कारण: कंपन.